बॉम्बे कॅट मुंबईची नाही, मग सिंगापुरा तरी सिंगापूरची आहे का?

वाकड, पिंपळे सौदागर, मोशी, नाहीतर थेट चाकण. पेट्सचा कुठलाही व्हॉट्सॲप ग्रुप उघडा, त्यात अशी एक पोस्ट हमखास सापडते. "पर्शियन किटन, ट्रिपल कोट, पंच फेस, लिटर ट्रेन्ड, प्युअर ब्रीड." खाली तीन फोटो, एक रील आणि हजारांतला आकडा. मध्येच कधीतरी एखादं काळंभोर पिल्लू "ओरिजिनल बॉम्बे कॅट" म्हणूनही येतं.

घेणारा फोटो बघतो, थोडी घासाघीस करतो आणि शेवटी विचारतो, "प्युअर आहे ना?" समोरून उत्तर येतं, "शंभर टक्के." विषय संपला, गुगल पे झालं.

पण हे शंभर टक्के ठरवलं कुणी? मांजराची जात खरी की खोटी, हे नक्की कशावरून कळतं?

हे समजून घ्यायला दोन जातींची गोष्ट उपयोगी पडते. एकीचं नाव आपल्या मुंबईवरून पडलंय, दुसरीचं सिंगापूरवरून. पहिलीचा मुंबईशी काडीचा संबंध नाही, आणि हे सगळ्यांना मान्य आहे. दुसरी मात्र जगातल्या सर्वांत छोट्या मान्यताप्राप्त जातींपैकी एक, आणि तिचा जन्म नक्की कुठे झाला यावर १९८७ पासून वाद आहे. या वादात एक नवरा-बायको आहेत, आयातीचे कागद आहेत, एका देशाचं पर्यटन खातं आहे आणि शेवटी डीएनए पण आहे.

आधी 'पेडिग्री' म्हणजे काय ते बघू

कुत्र्यांच्या जाती माणसानं कामासाठी तयार केल्या. कुणाला शिकारीला वेगवान कुत्रा हवा होता, कुणाला मेंढरं राखायला. आपल्याकडचा कारवानी कुत्रा बघा, त्याची लांब पाठ आणि बारीक कंबर धावण्यासाठीच आहे.

मांजराचं तसं झालं नाही. धान्य साठलं, उंदीर आले, उंदरांमागे मांजर आलं. त्याला काम शिकवावं लागलं नाही. त्यामुळे हजारो वर्षं मांजरांची जोडी माणसानं ठरवून लावलीच नाही. आज आपण ज्यांना 'ब्रीड' म्हणतो त्या बहुतेक जाती गेल्या दीडशे वर्षांतल्या आहेत. १८७१ मध्ये लंडनच्या क्रिस्टल पॅलेसमध्ये मांजरांचं मोठं प्रदर्शन भरलं. तिथून मांजरांचे क्लब, स्पर्धा आणि नियम सुरू झाले.

नियम आले म्हणजे वही आली. अमेरिकेत १९०६ मध्ये कॅट फॅन्सिअर्स असोसिएशन म्हणजे सीएफए सुरू झाली. १९७९ मध्ये द इंटरनॅशनल कॅट असोसिएशन म्हणजे टिका आली. या संस्था दोन गोष्टी करतात. एक, प्रत्येक जातीचं मांजर कसं दिसलं पाहिजे ते लिहून ठेवतात. दोन, कोणत्या मांजराचे आई-बाप कोण, आजी-आजोबा कोण, याची नंबरासह नोंद ठेवतात. या नोंदीलाच पेडिग्री म्हणतात.

सोपं उदाहरण घ्या. त्र्यंबकेश्वरला गेलात की तीर्थोपाध्याय गुरुजी जुनी वही काढतात आणि तुमच्या पणजोबांचं नाव वाचून दाखवतात. भारी वाटतं. पण त्या वहीत पहिलं नाव आलं कुठून? तुमच्या घराण्यातला जो माणूस पहिल्यांदा तिथे गेला, त्यानं सांगितलं आणि गुरुजींनी लिहून घेतलं. पुढच्या नोंदी मागच्या नोंदीशी ताडून बघता येतात. पहिली नोंद मात्र सांगणाऱ्याच्या शब्दावर उभी असते.

मांजराच्या पेडिग्रीचंही असंच असतं. सिंगापुराचा सगळा वाद या पहिल्या नोंदीवर आहे.

बॉम्बे: नाव मुंबईचं, जन्म केंटकीचा

आधी आपल्या नावाची मांजर घेऊ, कारण हिची गोष्ट सरळ आहे.

अमेरिकेतल्या केंटकी राज्यात लुइव्हिल नावाचं शहर आहे. तिथल्या निकी हॉर्नर या ब्रीडर बाईंना १९५० च्या दशकात एक कल्पना सुचली. घरात ठेवता येईल असा छोटासा काळा बिबट्या हवा. अंग डांबरासारखं काळं आणि चकचकीत, डोळे नव्या तांब्याच्या नाण्यासारखे.

त्यांनी गडद तपकिरी बर्मीज मांजर आणि काळं अमेरिकन शॉर्टहेअर मांजर यांची जोडी लावली. पहिल्या प्रयत्नात जमलं नाही. कित्येक वर्षं निवड करत करत हवं तसं पिल्लू मिळालं. सीएफएनं १९७६ मध्ये या जातीला स्पर्धेत उतरण्याचा पूर्ण दर्जा दिला.

मग 'बॉम्बे' कुठून आलं? काळा बिबट्या म्हटलं की त्यांना भारत आठवला आणि भारत म्हटलं की बॉम्बे. बस्स, एवढंच. या जातीच्या मुळाशी असलेलं एकही मांजर दादरच्या फलाटावरून उचललेलं नाही.

इथून एक कामाची गोष्ट कळते. तुमच्या सोसायटीच्या पार्किंगमध्ये फिरणारं काळं मांजर बॉम्बे असू शकत नाही, ते कितीही चकचकीत असलं तरी. काळा रंग जगभरच्या साध्या मांजरांत असतो. आई आणि बाप दोघांकडून ठरावीक जनुक आलं की पट्टे दिसेनासे होतात आणि पिल्लू काळं होतं. त्यासाठी केंटकीला जावं लागत नाही.

उलट, खऱ्या बॉम्बे जोडीला कधीकधी तपकिरी पिल्लू होतं. कारण या जातीत बर्मीज रक्त आहे. बर्मीजचा तपकिरी रंग देणारं जनुक दबून राहतं, म्हणजे काळ्या आई-बापांत ते लपलेलं असू शकतं. दोघांकडचं लपलेलं जनुक एका पिल्लात एकत्र आलं की रंग बाहेर पडतो. रंग बघून जात ओळखायला जाल तर दोन्ही बाजूंनी फसाल.

बॉम्बेचा हिशोब स्पष्ट आहे. जात माणसानं बनवली आणि बनवणाऱ्यानं ते उघड सांगितलं. नाव फक्त नावापुरतं. आता दुसऱ्या मांजराकडे जाऊ.

सिंगापुरा: गटारातली मांजर की कहाणीतली?

सिंगापुरा दिसायला एकदम वेगळी. मादी साधारण दोन-अडीच किलोची, नर तीन-साडेतीनपर्यंत. म्हणजे पूर्ण वाढलेलं मांजर आपल्याला अजून पिल्लूच वाटतं. डोळे चेहऱ्याच्या मानानं मोठे, कान मोठे, अंग लहान पण भरलेलं. रंग एकच, हस्तिदंती अंगावर तपकिरी झाक. जवळून बघितलं तर प्रत्येक केसावर फिकट आणि गडद असे पट्टे असतात. याला टिकिंग म्हणतात. अंगावर मोठे पट्टे किंवा ठिपके उठत नाहीत, सगळं अंग बारीक शिंपडल्यासारखं दिसतं.

तिची अधिकृत गोष्ट अशी होती. टॉमी आणि हॅल मेडो हे अमेरिकी जोडपं कामानिमित्त सिंगापूरला राहत होतं. टॉमी स्वतः मांजरांच्या जाणकार. त्यांना तिथल्या रस्त्यांवर अशी छोटी तपकिरी मांजरं दिसली, जी गटारांच्या आसऱ्यानं राहायची. १९७५ मध्ये अमेरिकेला परतताना त्यांनी तीन मांजरं सोबत नेली, एक नर आणि दोन माद्या. नावं टेस, टिकल आणि पूस. या तिघांपासून पुढची सगळी पिढी झाली.

म्हणजे ही जात माणसानं बनवलेली नाही. सिंगापूरच्या रस्त्यावर आपोआप तयार झालेली 'नैसर्गिक' जात, असा दावा होता. टिकानं १९७९ मध्ये आणि सीएफएनं १९८२ मध्ये तिची नोंद घ्यायला सुरुवात केली. दरम्यान १९८१ मध्ये आणखी एका ब्रीडरला सिंगापूरच्या प्राणी निवाऱ्यात तसंच दिसणारं एक मांजर मिळालं. शेपटी सोडली तर बाकी सगळं जुळत होतं. तेही अमेरिकेत नेलं आणि वंशात घेतलं.

१९८७: कागद सापडले

जेरी मेझ नावाचा अमेरिकी ब्रीडर या जातीसाठी नवी मांजरं शोधायला सिंगापूरला गेला. रस्त्यावर अशी मांजरं सहज दिसतील अशी त्याची अपेक्षा होती. पण हातात मांजरांऐवजी कागद आले. सिंगापूरच्या सरकारी नोंदींत लिहिलं होतं की टेस, टिकल आणि पूस ही तिन्ही मांजरं १९७४ मध्ये अमेरिकेतून सिंगापूरला आणली गेली होती.

आता गंमत बघा. १९७५ मध्ये 'सिंगापूरची मांजरं' म्हणून अमेरिकेत गेलेली तीन मांजरं त्याआधी एक वर्ष अमेरिकेतूनच आली होती.

संशय पसरला. टॉमी मेडो यांच्याकडे आधीपासून बर्मीज आणि ॲबिसिनियन मांजरांचा अनुभव होता. बर्मीजमध्ये तो तपकिरी रंग आहे, ॲबिसिनियनमध्ये ते टिकिंग आहे. या दोघांची जोडी लावली तर सिंगापुरासारखं मांजर तयार होऊ शकतं. मग ही जात सिंगापूरच्या गटारात झाली की अमेरिकेतल्या एखाद्या घरात?

हे सगळं सिंगापूरच्या 'द स्ट्रेट्स टाइम्स'मध्ये छापून आलं, आणि वेळ फारच अवघड होती. सिंगापूरचं पर्यटन मंडळ त्याच सुमाराला या मांजराला देशाचा मॅस्कॉट करायच्या तयारीत होतं.

प्रकरण सीएफएकडे गेलं. तिथे हॅल मेडो यांनी नवी बाजू मांडली. त्यांच्या म्हणण्यानुसार ते १९७१ मध्ये आधी एकदा सिंगापूरला गेले होते आणि तेव्हा त्यांनी चार स्थानिक मांजरं अमेरिकेला पाठवली होती. वादातली तीन मांजरं ही त्या चौघांची नातवंडं. म्हणजे जन्म अमेरिकेतला, पण रक्त सिंगापूरचं. हे त्यांच्या आधीच्या सांगण्याशी जुळत नव्हतं.

सीएफएनं तपास करून कुणालाही दोषी धरलं नाही आणि 'नैसर्गिक जात' हा दर्जा कायम ठेवला. संस्थेच्या बाजूनं मांडलेला मुद्दा असा होता की मांजरांची जोडी सिंगापूरच्या रस्त्यावर लागली की अमेरिकेत, यानं फार फरक पडत नाही. शिवाय सिंगापूरच्या निवाऱ्यातून आलेलं, कागदोपत्री पुरावा असलेलं निदान एक मांजर अनेक वंशावळींत आहे.

पर्यटन मंडळानंही मागे पाऊल घेतलं नाही. मांजराचं नामकरण झालं 'कुचिंता'. मलय भाषेत कुचिंग म्हणजे मांजर आणि चिंता म्हणजे प्रेम. आपल्याला नाव वाचून भलतंच वाटेल, पण तिकडे ते 'प्रेमाचं मांजर' आहे. सिंगापूर नदीच्या काठी तिचे छोटे पुतळेही बसवले गेले.

आणखी एक विसंगती. ज्या देशानं मांजराला मॅस्कॉट केलं, त्याच देशानं १९८९ पासून सरकारी वसाहतींच्या फ्लॅटमध्ये मांजर पाळायला बंदी घातली होती. सिंगापूरची बहुसंख्य जनता याच फ्लॅटमध्ये राहते. ही बंदी उठली थेट सप्टेंबर २०२४ मध्ये.

मग डीएनएनं निकाल लावला का?

तुम्ही म्हणाल, एवढं कशाला, डीएनए तपासा आणि संपवा. तपासलाही. २००७-०८ च्या सुमारास जगभरच्या मांजरांच्या जातींवर मोठे जनुकीय अभ्यास प्रसिद्ध झाले. त्यांत सिंगापुराबद्दल दोन गोष्टी पुढे आल्या.

पहिली, सिंगापुरा आणि बर्मीज जनुकीयदृष्ट्या खूप जवळच्या आहेत. दुसरी, अभ्यासलेल्या जातींमध्ये जनुकीय वैविध्य सर्वांत कमी असणाऱ्यांत या दोन जाती होत्या.

पहिल्या मुद्द्यावर संशय घेणारे म्हणाले, बघा, आम्ही सांगत होतो, बर्मीजपासूनच बनवली. पण इथे थोडं थांबायला हवं. बर्मीज तरी कुठून आली? १९३० मध्ये डॉ. जोसेफ थॉम्पसन यांनी ब्रह्मदेशातून वाँग माऊ नावाची एक तपकिरी मांजरी सॅन फ्रान्सिस्कोला आणली, तिच्यापासून अमेरिकेतली बर्मीज जात सुरू झाली. म्हणजे बर्मीजचं मूळही आग्नेय आशियातलं. तो तपकिरी रंग देणारं जनुक त्या भागातल्या साध्या मांजरांतही फिरत असतं. टिकिंगही त्या भागातल्या रस्त्यावरच्या मांजरांत आढळतं.

त्यामुळे दोन शक्यता उरतात. एक, कुणीतरी बर्मीज आणि टिकिंगवालं मांजर एकत्र आणून सिंगापुरा बनवली. दोन, त्याच भागात फिरणारी दोन्ही जनुकं सिंगापूरच्या रस्त्यावर आपोआप एकत्र आली. दोन्ही शक्यतांत सिंगापुरा बर्मीजच्या जवळचीच निघणार. दोन गावकऱ्यांचं नाक सारखं असलं म्हणजे ते सख्खे भाऊ असतीलच असं नाही, एकाच गावचेही असू शकतात.

म्हणजे डीएनएनं नातं दाखवलं. ते नातं रस्त्यावर जुळलं की पिंजऱ्यात, हे काही त्यानं सांगितलं नाही. त्यासाठी पुन्हा कागद आणि माणसाचा शब्दच लागतो, आणि वाद नेमका तिथेच आहे.

वादापेक्षा मोठा प्रश्न: मांजराच्या तब्येतीचा

जन्म कुठे झाला यानं मांजराला काहीच फरक पडत नाही. त्याला फरक पडतो तो दुसऱ्या मुद्द्यानं, म्हणजे वैविध्य कमी असल्यानं.

तीन-चार मांजरांपासून अख्खी जात वाढवायची म्हणजे नात्यातच जोड्या लावाव्या लागतात. मग जे काही लपलेलं दोषाचं जनुक असेल ते पिढ्यान्‌पिढ्या समोरासमोर येत राहतं. सिंगापुरामध्ये पायरुवेट कायनेझ नावाच्या एन्झाइमची कमतरता आढळते. या आजारात लाल रक्तपेशी लवकर फुटतात आणि मांजराच्या अंगात रक्त कमी होतं. आई-बाप दोघंही दिसायला ठणठणीत असतात, पण दोघांत जनुक लपलेलं असेल तर प्रत्येक पिल्लाला आजार होण्याची शक्यता चारात एक. याशिवाय या जातीत काही माद्यांना विताना कळा पुरेशा येत नाहीत, मग सिझेरियन करावं लागतं.

बॉम्बे आणि बर्मीजची वेगळी अडचण. अमेरिकी बर्मीजमध्ये गोल, आखूड चेहऱ्याची फॅशन आली. त्या चेहऱ्यामागचं एक जनुक एका बाजूनं आलं तर चेहरा 'क्यूट' होतो. दोन्ही बाजूंनी आलं तर पिल्लाच्या डोक्याची रचनाच बिघडते आणि ते जगत नाही. बॉम्बेमध्ये बर्मीज रक्त असल्यानं हा धोका तिच्याकडेही आला.

आपल्याकडे जास्त दिसते ती पर्शियन. हिच्यात पीकेडी नावाचा आजार आहे. मूत्रपिंडात पाण्याच्या गाठी होतात, त्या वाढत जातात आणि मांजर मोठं झाल्यावर मूत्रपिंड निकामी होऊ शकतं. या आजाराचं जनुक २००४ मध्ये सापडलं. जगभरातल्या पर्शियन मांजरांपैकी सुमारे ३८ टक्के मांजरांत हा आजार असल्याचा अंदाज तेव्हा मांडला गेला होता. इथे आई किंवा बाप, दोघांपैकी एकाकडून जनुक आलं तरी पुरतं. 'पंच फेस' असेल तर श्वासाचा आणि डोळ्यांतून पाणी येण्याचा त्रास वेगळाच. एप्रिल-मे मध्ये पत्र्याच्या खोलीत किंवा लाइट गेलेल्या फ्लॅटमध्ये त्या चेहऱ्याच्या आणि तेवढ्या केसांच्या मांजराचं काय होत असेल, विचार करा.

दिलासा एवढाच की या तिन्ही आजारांच्या जनुकांची चाचणी होते, गालाच्या आतल्या बाजूला कापसाचा बोळा फिरवून. ती चाचणी पिल्लाचे आई-बाप होण्याआधी त्या मांजरांची व्हायला हवी.

गुरुवारी पिल्लू बघायला जाणार असाल तर

एमआयडीसीची गुरुवारची सुट्टी, आज घेऊनच येऊ असं ठरवून निघाला असाल तर हे पाच प्रश्न सोबत ठेवा.

आई कुठेय? पिल्लाची आई दाखवता येत नसेल तर पिल्लू तिथे जन्मलेलं नाही, कुठूनतरी आणलेलं आहे. आई किती थकलेली आहे, तिला ठेवलंय कसं, हे बघूनही बरंच कळतं.

कागद कुणाचा आहे? 'सर्टिफिकेट आहे' एवढं पुरेसं नाही. संस्थेचं नाव आणि नोंदणी क्रमांक मागा आणि तो त्या संस्थेकडे विचारून खात्री करा. लसीकरणाचं कार्ड म्हणजे पेडिग्री नाही. पालिकेची नोंदणी म्हणजेही पेडिग्री नाही. पुणे महापालिकेनं २०२२ मध्ये पाळीव मांजरांच्या नोंदणीचा निर्णय घेतला. त्या नोंदणीत मालक आणि लसीकरण बघतात, मांजराचं कूळ नाही. आपल्या पालिकेचा नियम काय आहे तो वेबसाइटवर बघून घ्या.

मायक्रोचिप आहे का? तांदळाच्या दाण्याएवढी चिप मानेजवळ कातडीखाली असते आणि तिला क्रमांक असतो. कागदावरचा क्रमांक आणि चिपचा क्रमांक जुळला तरच तो कागद त्याच मांजराचा. नाहीतर एकाच सर्टिफिकेटवर दहा पिल्लं विकली तरी कळणार नाही.

वय किती? आठ आठवड्यांच्या आत पिल्लू आईपासून तोडू नये, बारा आठवडे झालेले असतील तर उत्तम. रेबीजची लस साधारण तीन महिन्यांच्या आसपास देतात. दीड महिन्याच्या पिल्लाचं 'सगळं व्हॅक्सिनेशन डन' असेल तर कार्डावर तारीख आणि डॉक्टरांचा शिक्का बघा.

चाचण्या झाल्यात का? पर्शियन असेल तर आई-बापांची पीकेडी चाचणी विचारा. ऐकून समोरचा गोंधळला, तर तेही एक उत्तरच आहे.

कायदा काय सांगतो? केंद्राच्या २०१८ च्या पेट शॉप नियमांनुसार दुकानातून प्राणी विकायला राज्याच्या पशुकल्याण मंडळाकडे नोंदणी लागते, आणि आईचं दूध न सुटलेली पिल्लं विकता येत नाहीत. २०१७ मध्ये ब्रीडरसाठीही नियम आले, पण ते फक्त कुत्र्यांच्या ब्रीडिंगसाठी. मांजरांच्या ब्रीडरसाठी तसे वेगळे नियम त्यात नाहीत. त्यामुळे घरात पिंजरे लावून पिल्लं विकणाऱ्याला पहिला जाब विचारणारा माणूस बहुतेक वेळा तुम्हीच असता.

आणि हो, उसातलं पिल्लू उचलू नका

छोट्या मांजराची हौस आहे म्हणून ही शेवटची गोष्ट, आणि ही आपल्या अगदी दाराशी आहे. जगातलं सर्वांत छोटं रानमांजर आपल्याकडे आढळतं. त्याला मराठीत वाघाटी म्हणतात. वजन साधारण एक ते दीड किलो, म्हणजे सिंगापुरापेक्षाही लहान. अंगावर तांबूस ठिपके. जुन्नर भागात ऊसतोडीच्या वेळी शेतात वाघाटीची पिल्लं सापडल्याच्या आणि त्यांची आईशी पुन्हा भेट घडवल्याच्या घटना झाल्या आहेत.

ठिपके बघून कुणीतरी म्हणतं, "बेंगॉल कॅटचं पिल्लू दिसतंय," आणि ते घरी आणतं. बेंगॉल ही अमेरिकेत तयार झालेली पाळीव जात आहे. ती चाकणच्या उसात सापडणार नाही. वाघाटीला वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत संरक्षण आहे, म्हणजे बिबट्या आणि वाघाच्या रांगेत. ते पाळणं, विकणं हा गुन्हा आहे. असं पिल्लू दिसलं तर हात न लावता तोडणी थोडी थांबवा आणि वनविभागाच्या १९२६ या हेल्पलाइनवर कळवा. आई बहुतेक वेळा जवळच असते आणि रात्री पिल्लाला घेऊन जाते.

थोडक्यात सांगायचं तर

बॉम्बेनं दाखवलं की जातीच्या नावातलं गाव म्हणजे तिचा पत्ता नसतो. सिंगापुरानं दाखवलं की संस्थेचा शिक्का असलेली जातही शेवटी कुणाच्या तरी सांगण्यावर सुरू होते, आणि चाळीस-पन्नास वर्षांनीही त्या सांगण्याचा निकाल लागत नाही. पेडिग्रीचा कागद चांगला असेल तर एक मोठं काम करतो. पिल्लाच्या मागे कोणती मांजरं आहेत आणि त्यांच्यात कोणता आजार होता का, हे शोधायला वाट देतो. कागद तेवढंही सांगत नसेल तर 'प्युअर' या शब्दाचे पैसे मोजण्यात अर्थ नाही.

आणि पार्किंगमधलं ते काळं मांजर? त्याला पेडिग्री नाही, आजोबा कोण ते त्यालाही माहीत नाही. पण त्याच्या आई-बापांची जोडी कुणी नात्यात लावलेली नाही. त्याला घरी नेणार असाल तर डॉक्टरांकडून तपासणी, लसी आणि वेळेवर नसबंदी, एवढाच खर्च आहे. नाव काय ठेवायचं ते तुम्ही बघा. बॉम्बे ठेवलंत तरी चालेल, मुंबईशी त्याचा संबंध त्या केंटकीवालीपेक्षा जवळचाच असेल.